शून्य फ्लोराइड

चंद्रकला टेकाम यांच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. पत्र २०४१ च्या ऑगस्टमध्ये आले आणि पुढचे चौदा महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिले. आलेल्या प्रत्येक पत्राला आठवड्याच्या आत उत्तर द्यायचे, ही माझी जुनी सवय. शाळकरी मुलांनी प्रोटॉन कसा दिसतो असे विचारले तरी मी त्यांना दोन पाने लिहितो, वर आणखी एक पान दुरुस्तीचे पाठवतो. तेव्हा हे एक पत्र राहिले ते विसरल्यामुळे, असे मला म्हणता येणार नाही.

पत्र वहीच्या रेघांच्या पानावर होते.

‘मा. खांबेटे सर यांस नमस्कार. मी चिंचपोड, तालुका केळापूर, येथील अंगणवाडी सेविका आहे. आमच्या पोडावर चार वर्षांपासून हायड्रोजनची पेटी आहे. तिच्यातून निघते ते पाणी आम्ही लेकरांना पाजतो. पेटीवरच्या पाटीवर “हे पाणी पिण्यास योग्य आहे” असे लिहून खाली आपली सही छापली आहे, म्हणून आपल्याला लिहिते. पाणी मी काचेच्या बरणीत भरते. बरणी आतून धुरकट झाली. राखेने घासली, लिंबाने घासली, निघत नाही. नवीन आणली, तीही चार महिन्यांत तशीच झाली. पाण्याला वास नाही, चव नाही. पाणी चांगले आहे का, एवढे कळवावे. उत्तराची वाट पाहते.’

मी ते उभ्यानेच वाचले आणि खुर्चीत बसलो. लिंबाने न निघणारा धुरकटपणा म्हणजे काचेवर बसलेला थर नव्हे, ती काचच झिजलेली असते. काच खाणारे पदार्थ जगात फार थोडे आहेत. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारले तरी तो आधी एकच नाव घेईल, हायड्रोफ्लोरिक आम्ल. आणि त्या पेटीत फ्लोरिन असलेली एकच वस्तू होती. ती मी केलेली होती.

पेटीत काय असते ते इथे सांगायला हवे. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवा, आणि मध्ये केसापेक्षाही पातळ असा एक पडदा असतो. हा पडदा बहुवारिकाचा, म्हणजे प्लास्टिकच्याच कुळातला. त्याच्या रेणूंचा कणा कार्बन आणि फ्लोरिनचा, आणि कण्याला जागोजागी आम्लाच्या शेपट्या. पडदा पाण्याने भिजला की त्या शेपट्यांच्या आधाराने हायड्रोजनचे प्रोटॉन पलीकडे सरकतात. इलेक्ट्रॉनना मात्र पडदा वाट देत नाही, त्यांना तारेतून वळसा घालून जावे लागते. तो वळसा म्हणजेच वीज. पलीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि हवेतला ऑक्सिजन भेटतात आणि त्यांचे पाणी होते. एक पेटी पोडावर, म्हणजे कोलामांच्या छोट्या वस्तीवर, संध्याकाळचा उजेड देते, लसींचा फ्रिज चालवते आणि दिवसाला वीसेक लिटर पाणी सोडते.

कधीकधी ऑक्सिजन अर्धेच काम करतो. मग पाण्याऐवजी एक मोडका तुकडा तयार होतो. त्याला आम्ही मूलक म्हणतो. त्याचे आयुष्य क्षणाचाही अंश नसते, पण तेवढ्यात जे समोर येईल त्याचा तो लचका तोडतो. समोर पडदाच असतो. पडद्याचा लचका तुटला की पाण्यात फ्लोराइड उतरते. म्हणून जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा पडद्याची झीज मोजायची तर बाहेर पडणाऱ्या पाण्यातले फ्लोराइड मोजतात.

माझ्या आयुष्यातली सव्वीस वर्षे या लचक्यांवर गेली. सिरियम ऑक्साइडचे नॅनोकण, एका केसाच्या रुंदीत वीस हजार मावतील एवढे, मी पडद्यात मिसळले. सिरियम त्या मूलकाला स्वतःचा एक इलेक्ट्रॉन देऊन शांत करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यासारखा होतो. हे कण पाण्याबरोबर वाहून जाऊ नयेत म्हणून मी ते ग्राफीन ऑक्साइडच्या, म्हणजे कार्बनच्या अतिपातळ, पापुद्र्यांना बांधून ठेवले. पाच हजार तास चाचणी चालली. फ्लोराइड शून्य आले. पुन्हा केली, पुन्हा शून्य.

मी स्वभावाने संशयी आहे. दाराला कुलूप लावून जिना उतरलो की परत वर जाऊन ओढून बघतो. माझ्या प्रत्येक निबंधावर सगळ्यात कडक टीका माझीच असे. पण त्या शून्यावर मी कधी संशय घेतला नाही. ते मला फार आवडले होते.

त्या शून्याच्या जोरावर माझी विद्यार्थिनी शलाका भोईटे हिने कंपनी काढली. पाण्यात फ्लोराइड येतच नाही, म्हणून पेटीतली गाळणी काढून टाकली. पेटी हलकी झाली, खेड्यात सांभाळायला सोपी झाली. यवतमाळच्या ज्या भागात विहिरींतच दात आणि हाडे बिघडवणारे फ्लोराइड जास्त आहे तिथे पेट्या आधी गेल्या, कारण विजेबरोबर चांगले पाणी मिळणार होते. चिंचपोडची पेटी त्यातली पहिली. तिच्या पाटीसाठी सही करण्याआधी मी कोऱ्या कागदावर दोनदा सराव केला होता, आणि शलाका म्हणाली होती, “सर, लग्नाच्या रजिस्टरवर करताय का?”

पत्र आले त्याच दिवशी मी तिला फोन केला.

“बरणी कुठल्या काचेची आहे, सर?”

“ते लिहिलेलं नाही.”

“हलकी काच असेल. हलकी काच नुसत्या पाण्यानंसुद्धा झिजते. तुम्हीच शिकवलंय.”

“शिकवलंय खरं.”

“मी माणूस पाठवते. पण सर, एक ऐका. लेखी काही देऊ नका. तुमचं एक वाक्य चार पोटवाक्यांचं असतं. लोक त्यातलं हवं ते उचलतील.”

तिचा माणूस जाऊन आला. त्याच्या तक्त्यात व्होल्टेज होते, गळती होती, पाण्याचा रंग आणि वास होता. फ्लोराइड नव्हते. जे शून्यच असते ते मोजायचे कशाला, म्हणून तक्ता छापतानाच तो रकाना गाळला होता. तक्ता माझ्याच नमुन्यावरून केलेला होता. त्याने लिहिले, पाणी स्वच्छ.

मला हायसे वाटले, आणि वाटले म्हणून शरमही वाटली. मी उत्तर लिहायला घेतले. काचेच्या प्रकारांवर एक परिच्छेद झाला. मग वाटले, खात्री झाल्याशिवाय त्या बाईंना घाबरवणे बरे नव्हे. मग वाटले, खात्री झाल्याशिवाय धीर देणेही बरे नव्हे. नऊ कच्चे मसुदे झाले.

माझी पत्नी कुमुद एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. चाळीस वर्षे लोकांना “हे पुस्तक आहे” किंवा “नाही” एवढेच सांगण्यात गेल्यामुळे तिचे बोलणे थोडक्यात असते. तिने एक मसुदा वाचला.

“अहो, त्यांनी पाणी चांगलं आहे का एवढंच विचारलंय. तुम्ही ही प्रस्तावना कसली लिहिताय?”

“खात्री नको का?”

“खात्री नसेल तर पिऊ नका म्हणा. झाली की प्या म्हणा. यात अवघड काय आहे?”

“कंपनी आहे, शलाका आहे. घाईघाईनं काही लिहिलं आणि चुकलं तर?”

“चुकलं तर ती मुलं महिनाभर दुसरं पाणी पितील. बाकी काय होईल?”

मी चष्मा पुसत बसलो. तिचे बरोबर आहे हे मला त्याच दिवशी कळले होते, हे इथे लिहिले पाहिजे. खात्री नसणे ही माझी खरी अडचण आहेच, पण त्या वर्षी मी तिचा उपयोग करून घेतला.

पुढच्या सप्टेंबरमध्ये संस्थेकडून निरोप आला की प्रयोगशाळेतले माझे जुने कपाट रिकामे करायचे आहे. मी जाऊन दोन खोकी घरी आणली. त्यात चाचणी झालेले पडदे होते, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, आणि पाकिटात पडद्याबरोबर एक बारीक पट्टी.

त्या पट्ट्यांची हकीकत अशी. पेटीत पडदा बसवताना त्याच्या कडेवर रबर दाबलेले असते. चाचणी संपून पडदा काढला की कड फाटते. म्हणून माझ्या प्रयोगशाळेत नियम होता, दोन बोटे कड कापायची आणि मधल्या चांगल्या भागाचेच मोजमाप करायचे. पण कड कापली की आधीचे आणि नंतरचे वजन जुळत नसे. शलाका तेव्हा पीएचडी करत होती. एकदा म्हणाली, “सर, वजनं विचित्र येतात. कड धरली तरी कमी भरतात.” मी म्हणालो, फाटलेल्या कडेचे वजन कसले धरायचे, फ्लोराइड आहे ना आपल्याकडे, वजनाचा रकाना काढून टाक. तिने काढला. पट्ट्या मात्र तिने जपून ठेवल्या.

मी पट्ट्या आणि पडदे पुन्हा वाळवले, एकत्र वजन केले आणि जुन्या वहीतल्या सुरुवातीच्या वजनांशी ताडून पाहिले. सगळे पडदे हलके झाले होते. म्हणजे ते झिजले होते, मूलकांनी लचके तोडले होते. मग फ्लोराइड कुठे गेले?

एका जुन्या सहकाऱ्याने क्ष-किरणांखाली एक तुकडा पाहून दिला. उत्तर दोन शब्दांचे होते: सिरियम फ्लोराइड.

सिरियमला फ्लोराइड फार प्रिय. दोघे भेटले की पाण्यात न विरघळणारा पांढरा कण होऊन बसतात. पडदा झिजत होता, आणि सुटलेले फ्लोराइड बाहेर पडण्याआधी माझे नॅनोकण ते धरून ठेवत होते. झीज त्यांनी कमी केली हे खरे. पण जेवढी झाली तिचा पुरावाही त्यांनीच पोटात घातला. आणि असा प्रत्येक कण फ्लोराइडने भरला की पुढच्या मूलकाला शांत करायला तो उरत नाही. शेवटचा कण भरेपर्यंत पाण्यात शून्य दिसणार. त्यानंतर पडद्याला राखण राहणार नाही आणि फ्लोराइडला अडवणाराही कोणी नसणार, दोन्ही एकाच वेळी.

मी हिशेब केला. खेड्यातल्या वापराने तो दिवस साडेतीन ते चार वर्षांनी येत होता. चंद्रकलाबाईंनी पत्र लिहिले तेव्हा त्यांच्या पेटीला चार वर्षे झाली होती.

शलाका रविवारी सकाळी घरी आली. ती दर गुरुपौर्णिमेला एक पुस्तक घेऊन येते, आणि पुस्तक मी आधीच वाचलेले असते हे दोघांनाही माहीत असते. या वेळी ती रिकाम्या हाताने आली. तिने आकड्यांचा कागद दोनदा वाचला.

“वजनाचं मी म्हणाले होते.”

“हो.”

“आणि तुम्ही रकाना काढायला सांगितलात.”

“हो. चूक माझी आहे. मला तेव्हाच...”

“थांबा सर. मला तेव्हा भांडायला हवं होतं. पण तुमच्याशी भांडायचं कसं? समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तुम्ही स्वतःला दोष देऊन मोकळे होता. मग दुसऱ्याला बोलायला काही उरतच नाही.”

कुमुद चहा घेऊन आली. “घे. तुझ्या सरांना चहात साखर आहे की नाही याची अजून खात्री नाहीये, पण मी घातलीय.”

शलाका किंचित हसली आणि लगेच तिचा चेहरा उतरला. चहा तसाच ठेवून म्हणाली, “चारशे दहा पेट्या आहेत, सर. लसीचे फ्रिज त्यांवर चालतात, बाळंतपणाच्या खोलीतला दिवा चालतो. पाणी पिऊ नका एवढंच लिहिलंत तरी लोक तेवढंच वाचणार नाहीत. पेटी विषारी आहे असं म्हणतील आणि बंद करतील. मला मार्चपर्यंत वेळ द्या. गाळण्या परत बसवते, पडदे बदलते. गाजावाजा न करता.”

“आणि मार्चपर्यंत मुलांनी काय प्यायचं?”

“पेटी यायच्या आधी पीत होती ते.”

“त्यात फ्लोराइड होतं म्हणून तर पेटी गेली तिथे.”

“मला माहीत आहे.” तिने आकड्यांचा कागद घडी करून टेबलावर ठेवला. “मी वाईट बाई नाही, सर.”

“नाहीसच.”

“मग मार्च?”

“पाहतो,” मी म्हणालो. हा शब्द मी आयुष्यात किती वेळा वापरला असेल कोणास ठाऊक. ती गेल्यावर कुमुदने कप उचलले आणि माझी प्रवासाची पिशवी माळ्यावरून काढून खाटेवर ठेवली.

यवतमाळपर्यंत गाडी, तिथून पांढरकवड्याला बॅटरीवरची एसटी, पुढे शेअर रिक्षा. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी या प्रवासात माझ्या शरीराचा एकेक सांधा मला वेगवेगळा ओळखता येऊ लागला. चिंचपोड म्हणजे कोलामांची तीस-पस्तीस घरे. अंगणवाडीच्या भिंतीला लागून पेटी उभी होती, निळ्या पत्र्याची, अंगावर पाटी. पाटीखाली बांबूच्या चटईवर मुले बसली होती. मी मोजली, बावीस.

“कोन पाह्यजे जी?” पन्नाशीच्या एका बाईंनी विचारले.

“मी खांबेटे. पुण्याहून आलो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. “पाटीवरचे?”

“हो.”

“बसा जी. मीच चंद्रकला. ऊन लय हाय.” त्यांनी खुर्ची दिली आणि आतून पाण्याचा पेला आणून माझ्या हातात ठेवला.

मी तो पेला हातात धरून बसलो. प्यायलो नाही आणि खालीही ठेवला नाही. मग पिशवीतून फ्लोराइड मोजायचा छोटा मीटर काढला आणि त्याची कांडी पेल्यात बुडवली. आकडा चढत चढत लिटरला पाच पूर्णांक दोन मिलिग्रॅमवर थांबला. दीडच्या वर गेलेले पाणी पिऊ नये असे मानतात. मी विहिरीचेही पाणी मागवले. चार पूर्णांक सहा. पेटीचे पाणी विहिरीपेक्षा वाईट होते.

“खराब हाय का?” चंद्रकलाबाईंनी विचारले.

“हो. विहिरीत जे आहे तेच यात आहे. थोडं जास्तच.”

त्यांनी तोंडावर पदर धरला. ते शोकाने नव्हते. बोलताना पदर धरायची त्यांना सवय होती, कारण त्यांचे पुढचे दात फ्लोराइडने तपकिरी आणि खडबडीत झाले होते. मला ते आता दिसले.

“कधीपासून?”

“तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हापासून. कदाचित थोडं आधीपासून.”

“आमाले वाटलं,” त्या सावकाश म्हणाल्या, “सरचं उत्तर नाही आलं, म्हंजे पानी चांगलंच असंन. खराब असतं तर एवढा शिकेल मानूस गप्प कायले बसला असता? मी पोडावर सांगतलंही तसंच. पाजा म्हनलं.”

मी चौदा महिने असे समजत होतो की मी काहीच सांगितलेले नाही. इथे माझे उत्तर केव्हाच पोचले होते आणि त्यावर लोक वागलेही होते.

“दात तर पांढरेच हायेत लेकरायचे,” त्या मुलांकडे पाहत म्हणाल्या.

“हे दुधाचे आहेत. खरे दात आत्ता हिरडीच्या आत तयार होतायत. डाग तिथेच पडतात, आणि दिसतात ते वर आल्यावर, तीन-चार वर्षांनी.”

“म्हंजे आता समजनार नाही.”

“नाही.”

“यात माही नात हाय,” त्या म्हणाल्या. कोणती ते त्यांनी दाखवले नाही, आणि मीही विचारले नाही.

थोड्या वेळाने त्यांनी मुलांपुढचे पेले गोळा केले आणि पेटीच्या नळाला फडके गुंडाळून गाठ मारली. “मंग लेकरं काय पितीन? आश्रमशाळेच्या बोअरचं पानी चांगलं हाय, तपासेल हाय. पन ते दोन कोस. गाडी पंचायतीनं द्याले पाह्यजे. मी मागं मागतली होती, तं सरपंच म्हने पेटी असतांनी गाडी कायले. लेखी आना म्हने.”

“मी आत्ता लिहून देतो.” मी पिशवीत कागद शोधू लागलो.

“हातानं नका देऊ जी.”

“का?”

“म्हनतीन, बाईनं म्हाताऱ्याले जेवू घातलं अन् पाह्यजे तसं लिहून घेतलं. पेटीवर तुमची सही छापेल हाय, लोखंडावर. कागद तिच्यापुढं हलका पडते. तुम्ही रजिस्टर टपालानं पाठवा. आमच्याकडं रजिस्टर आलं का कोनी आधी फोडत नाही, ग्रामसभेत सगळ्यायसमोर फोडतेत, अन् मास्तर मोठ्यानं वाचते. मंग ते कोनाले खोटं म्हनता येत नाही. सोमवारी ग्रामसभा हाय.”

“आज बुधवार. पुण्याला पोचलो की सगळे आकडे एकदा नीट तपासून...”

“पुन्हा चौदा महिने?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तारीख विचारावी तसे त्यांनी विचारले. मला राग चालला असता.

मी परतीची रिक्षा पकडली. पांढरकवड्याच्या बसस्थानकावर एका बाकावर बसून शलाकाला फोन लावला.

“मी लिहितो आहे, शलाका.”

पलीकडे कारखान्याचा आवाज येत होता. ती दार लोटून बाहेर आली असावी, आवाज कमी झाला.

“मार्च म्हटलं होतं आपण.”

“तू म्हणाली होतीस. मी पाहतो म्हणालो होतो. मी पाहून आलो.”

“किती आलं?”

“पाच पूर्णांक दोन.”

आकडा आमच्या दोघांच्याही ओळखीचा होता. हिशेबात असाच येत होता.

“वीज चालू ठेवायला हरकत नाही असं स्पष्ट लिहितो,” मी म्हणालो. “पेटी वाईट नाही, पाणी तेवढं पिऊ नये. आणि वजनाचा रकाना मी काढला हेही लिहितो. तू तेव्हा हरकत घेतली होतीस असं...”

“ते नका लिहू. मी हरकत नव्हती घेतली. नुसतं म्हणाले होते.” तिचा आवाज फार दमलेला होता. “बाकीच्या चारशे नऊ गावांना काय कळवायचं ते मला बघू दे. त्यांना तुमच्या पत्राची वाट बघायला लावत नाही. आज संध्याकाळपासून माणसं फोनवर बसवते.”

“तुझी कंपनी...”

“सर, आत्ता मला धीर देऊ नका. तुम्हाला जमत नाही ते. आणि पुढच्या गुरुपौर्णिमेला मी येईन की नाही तेही विचारू नका.”

तिने फोन ठेवला. माझी एसटी लागली होती. वाहकाने यवतमाळ, यवतमाळ म्हणून दोनदा हाक दिली. मी उठलो नाही आणि गाडी गेली. मग मी पुस्तकावर कागद ठेवून लिहायला लागलो. पहिले वाक्य ‘आपले पत्र मिळाले’ असे लिहिले आणि खोडले. दुसऱ्या कागदावर सरळ सुरुवात केली.

‘चंद्रकला टेकाम यांस नमस्कार. पेटीतले पाणी पिऊ नये. मुलांना तर अजिबात देऊ नये. त्यात फ्लोराइड लिटरला ५.२ मिलिग्रॅम आहे. मी स्वतः आज चिंचपोडला येऊन मोजले. विहिरीचेही पिऊ नये. आश्रमशाळेच्या बोअरचे पाणी आणण्याची सोय पंचायतीने ताबडतोब करावी. पेटीची वीज वापरण्यात धोका नाही, फ्रिज आणि दिवे चालू ठेवावेत. पेटीवरच्या पाटीतले वाक्य चुकीचे आहे. ते माझ्या चाचणीवरून लिहिले गेले आणि त्या चाचणीत चूक होती. चूक माझी आहे. पाटी काढावी किंवा माझी सही खरवडून टाकावी. आपले पत्र मला गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मिळाले होते. मला तेव्हाच संशय आला होता. मी कळवले नाही. श्रीनिवास खांबेटे.’

वाचून पाहिले. ‘संशय’ या शब्दाऐवजी काही सौम्य मिळते का म्हणून विचार केला, आणि मिळत होते, म्हणून तो तसाच ठेवला.

टपाल कार्यालय रस्त्याच्या पलीकडे होते. काउंटरवरच्या मुलीने पत्ता वाचला.

“चिंचपोड? काका, आठ किलोमीटर तं हाय. रिक्षानं जाऊन देऊन या ना.”

“आत्ता तिथूनच आलो. रजिस्टरनंच पाठवायचंय.”

तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिले. “पोचपावती पाह्यजे?”

“हो. शनिवारपर्यंत पोचेल ना?”

“परवाच पोचते. पाकीट उघडंच हाय तुमचं.”

“एकदा वाचून...” मी म्हणालो.

“डाक तीन वाजता निघते, काका. पाच मिनटं राह्यली.”

मी कागद बाहेर काढला नाही. डिंकाची बाटली वाळलेली होती, म्हणून तिने तिच्याकडची चिकटपट्टी दिली. मी पाकीट बंद केले, कड अंगठ्याने दाबली आणि खिडकीतून आत सरकवले. तिने क्रमांकाचे लेबल लावले, शिक्का मारला, पावती माझ्यापुढे टाकली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकले. मी बाजूला झालो, कारण माझ्या मागे माणसे उभी होती.